काटकुळ्या झाडांची कॉफी

१

दोन्या इल्सा पित्तीनं टेबलावर दोन मुठी उघडल्या आणि म्हणाली, "बाई, यातली एक मूठ माझ्या झाडांची आहे. दुसरी कुणाची ते मला माहीत नाही. पण ती माझ्या कुलपातून, माझ्या पोत्यातून निघाली."

मिग्दालियाबाईंनी हातातलं संत्रं बाजूला ठेवलं. त्या आमच्या आल्तो सेद्रो गावच्या कोरेहिदोरा, म्हणजे गावन्यायाधीश. बांधावरची भांडणं, कोंबडीचोरी, नवराबायकोची मारामारी, सगळं आधी त्यांच्या टेबलावर यायचं. मी त्यांचा कारकून, आणि जीप हाकायलाही मीच. सगळा डोंगर कॉफीवर जगतो, पण बाई कॉफीचा थेंब घेत नाहीत. पित्त होतं म्हणतात. तरी त्या मुठींतला फरक त्यांनाही दिसला. एका मुठीतले दाणे लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, छोट्या होडीसारखे. दुसऱ्या मुठीतले बुटके, गोलमटोल.

"हे लांबट जानेवारीतले," इल्सा म्हणाली. "चव बघायला दिले होते, त्यातले उरलेले. आणि हे आज सकाळचे. शनिवारी कॉफीच्या चवीच्या स्पर्धेला माल द्यायचा म्हणून पोत्यातून ओंजळभर काढले, टरफलं सोलली, तर आत हे."

इल्सा मळ्याची मालकीण, म्हणून 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब. तिच्या त्या झाडांची गोष्ट डोंगरावर सगळ्यांना ठाऊक होती. इल्साचा नवरा आब्दिएल तरुणपणी शेजारच्या कोस्टा रिकातल्या संशोधन केंद्रातून ती रोपं घेऊन आला होता. मूळ बी म्हणे इथिओपियातल्या गेशा नावाच्या डोंगराकडचं, रानातलं. रोगाला दाद देत नाही म्हणून आणलेलं. झाडं वाढली ती ताडमाड, फांद्या बारीक, फळ इतकं कमी की तोडणीवाल्या वैतागायच्या. लोक त्यांना काटकुळी म्हणायचे. आब्दिएलनं ती पार वरच्या उतारावर, जिथे वाऱ्यापुढे दुसरं काही टिकत नाही तिथे लावून टाकली. वर्षानुवर्षं त्यांची कॉफी बाकीच्या मालात मिसळून जायची.

मग पलीकडच्या खोऱ्यातल्या एका मळेवाल्यानं असल्याच झाडांची कॉफी वेगळी काढली आणि परदेशी व्यापारी तिच्यासाठी एकमेकांच्या अंगावर धावून गेले. तेव्हापासून जो तो आपल्या रानात काटकुळी झाडं शोधत सुटला होता. इल्साला शोधावी लागली नाहीत. आब्दिएल तेवढं बघायला उरला नव्हता. जानेवारीत तिच्या कॉफीची चव घेतली तेव्हा चाखणाऱ्यांनी तो कप एकमेकांकडे फिरवला होता. मोगऱ्याचा वास, म्हणाले, आणि नुकत्याच सोललेल्या लिंबाच्या सालीचा.

"कुलूप?" बाईंनी विचारलं.

"शाबूत. किल्ली ही इथे." इल्सानं गळ्यातली दोरी ओढून दाखवली.

"पोत्याची शिवण?"

"माझ्या हातची, लाल दोऱ्याची. आज मीच उसवली, त्याआधी कुणी हात लावलेला नाही. मी माझी शिवण ओळखते, बाई."

"पोत्यात भरण्याआधी कॉफी कुठे होती?"

"खळ्यावर, वाळत. माझ्या डोळ्यांसमोर. फक्त आब्दिएलच्या पुण्यतिथीला मी सकाळपासून चर्चमध्ये होते, फुलांचं बघायला. नेमकी त्याच दिवशी भुरभुर आली. मिस्साच्या प्रार्थनेला घालायचा काळा झगा दोरीवर ओलाचिंब झाला. शेवटी बहिणीचा घालून गेले."

तेवढ्यात दार ढकलून इल्साचा दीर रिगोबेर्तो आत आला. चकचकीत बूट, कपाळावर गॉगल.

"शोधाशोध बंद करा," तो म्हणाला. "चोर सापडली. एमेरिता. गावी पळून जात होती, पोलिसांनी बसमधून उतरवली."

२

एमेरिता मोंतेसुमा इल्साच्या तोडणीवाल्यांची म्होरकी. न्गाबे आदिवासी बाई, दर हंगामाला आपल्या माणसांना घेऊन कोमार्कातल्या, म्हणजे आदिवासींच्या राखीव मुलखातल्या डोंगरांतून यायची. संध्याकाळ झाली होती, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीत गेलो. बाकावर ती ताठ बसली होती. लाल नागुआ झगा पायघोळ पसरलेला, शेजारी बोचकं. बोचकं उपसून पाहिलेलं दिसत होतं.

"काय सापडलं त्यात?" बाईंनी हवालदाराला विचारलं.

"कपडे. एक पातेलं."

"दोन पोती कॉफी नाही सापडली? शोध नीट, पातेल्यात असेल."

हवालदारानं पातेलं परत बोचक्यात ठेवलं.

"हंगाम संपला म्हणून घरी निघाले होते," एमेरिता म्हणाली. "दरवर्षी निघते. या वर्षी ते पळणं झालं."

"खळ्यावर भुरभुर आली त्या दिवसाचं सांग."

"बारूच्या शिखरावरून ढग उतरला. आम्ही सगळ्या धावलो. दोन्ही ढीग ओढून गोळा केले, वरच्या झाडांचा वेगळा, खालच्या झाडांचा वेगळा. शेवटशेवटचा माल होता, म्हणून दोन्ही सारखेच. ताडपत्र्या मुकादमानं टाकल्या. आम्ही आमच्या खोल्यांकडे पळालो. ऊन पडल्यावर परत येऊन मीच उघडले. मुकादम गावात गेला होता, मला सांगून गेला होता."

"उघडताना काही वेगळं दिसलं?"

तिनं झग्याची घडी सारखी केली. बोलावं की नाही याचा विचार करत असावी.

"हसू आलं मला. खालच्या मालाच्या पाटीमागे नवी निळी ताडपत्री, आणि त्या महागड्या वरच्या मालावर जुनी, भोकं पडलेली. म्हटलं, मालकांचं डोकं मालकांना माहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला काही कळलं नाही, तरी मी मान हलवली.

"तुला जेवण मिळालं का?"

"इत्सेलनं आणलं. दोन्या इल्साची पोरगी. काल आणलं, आजही आणलं." एमेरितानं भुवई उचलली. "ओहाल्द्रेच्या पुऱ्या तळून आणल्यात, अंडं आणलंय. फक्त माझ्याकडे बघत नाही. माझ्यामागच्या भिंतीकडे बघते."

बाई उठल्या. हवालदाराला म्हणाल्या, "हिला सोड."

"पण सेन्योर रिगोबेर्तो म्हणाले की..."

"रिगोबेर्तो तुझा साहेब कधीपासून झाला? सोड म्हटलं ना."

एमेरिता मात्र बाकावरून हलली नाही.

"मी अशी जाणार नाही," ती म्हणाली. "माझ्या बायकांसमोर मला उतरवलंत. आता कुणी केलं ते सांगा, मग जाईन."

३

मळ्यावर आम्हाला आधी मुकादम भेटला. प्लिनियो जन्मापासून त्याच मळ्यावर. त्याचा चेहरा पडला होता.

"पोती मीच भरली," तो स्वतःहून म्हणाला. "म्हणजे संशय माझ्यावरच येणार."

"येईल तेव्हा बघू. ताडपत्र्यांचं सांग. कुठली कशावर टाकली?"

"निळी वरच्या मालावर. नवीन तेवढी एकच आहे. वरचा माल भिजला असता तर दोन्या इल्सानं माझी सालटी काढली असती."

"नक्की?"

"आईशप्पथ."

"मग पुढच्या दिवसांत ढीग उलटसुलट झाल्याचं तुला कळलं कसं नाही?"

"बाई, माल रोज पसरायचा, रोज गोळा करायचा. ढीग सरकत राहतात. टरफलात असताना दाणे सगळे सारखेच दिसतात, हातात घेऊन सोलल्याशिवाय नाही कळत. आम्ही पाट्या बघतो." त्यानं खळ्याच्या कडेला टेकवलेल्या दोन लाकडी पाट्या दाखवल्या. 'वरची', 'खालची'. आब्दिएलनं स्वतः रंगवलेल्या.

"ताडपत्र्या टाकल्यावर तू कुठे गेलास?"

"दोन्या इल्साला आणायला. आमची जीप चालू होईना. सेन्योर रिगोबेर्तो आलेच होते, त्यांच्या गाडीतून गेलो."

"आणि तो तोवर काय करत होता?"

प्लिनियो पहिल्यांदा हसला. "गाडीत बसून होते. चिखलात नवे बूट घालून कोण उतरणार?"

रिगोबेर्तो व्हरांड्यातच होता. त्यानं काही लपवलं नाही. "हो, मी जमीन विकायला सांगायलाच आलो होतो. परदेशी म्हातारे इथे बंगले बांधायला रांगा लावून उभे आहेत आणि ही बाई एकटी डोंगरावर झाडं कुरवाळत बसलीय. माझा भाऊ त्याच झाडांत मेला. विचारा प्लिनियोला."

प्लिनियोनं टोपी काढली. "वरच्या उतारावर पाय घसरला. आम्हाला सापडायला उशीर झाला. नुसता पाय मोडला होता म्हणतात, पण थंडी... लवकर कळलं असतं तर वाचले असते. इत्सेल दावीद शहरातल्या इस्पितळात नर्स आहे, तिला तर ते जास्तच लागलं."

इत्सेल स्वयंपाकघरात होती, सांकोचोच्या रश्शासाठी कंद सोलत. आईचेच खांदे, आईचीच हनुवटी.

"भुरभुर आली तेव्हा तू कुठे होतीस, पोरी?"

"इथेच. थेंब पडायला लागल्याबरोबर दोरीवरचे कपडे काढायला धावले. मग ते घड्या करत घरातच होते. खळ्यावर पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"त्या काटकुळ्या झाडांबद्दल तुझं काय मत आहे?"

सुरी थांबली. "माझं काय मत असणार? आईची झाडं आहेत."

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. बाहेर येऊन त्या खळ्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. एकदा या पाटीकडे, एकदा त्या पाटीकडे बघितलं, आणि अचानक माझा दंड धरला.

"विर्हिलियो, ती कॉफी चोरीला गेलीच नाही."

"मग?"

"दोन्या इल्सा!" त्या ओरडल्या. "या वर्षीचा खालचा शेवटचा माल कुणाला विकलात?"

"किएलला. दरवर्षी त्यालाच देते. का?"

"त्यानं गिरणीत घातला का?"

इल्सा जीपकडे धावली. "आज घालणार होता. आज दुपारी."

४

मी जीप कशी हाकली ते विचारू नका. मागे इल्सा सीटची कड धरून बसली होती. बाई मात्र वळणावळणावर बोलत होत्या.

"कुलूप शाबूत, शिवण शाबूत. म्हणजे पोत्यात भरण्याआधीच अदलाबदल झाली. खळ्यावरून भरदिवसा ढीगभर कॉफी कोण उचलून नेईल? आणि नेली तर तेवढीच दुसरी आणून टाकायला हवी. कुणी दाणासुद्धा हलवला नाही. प्लिनियोनं निळी ताडपत्री वरच्या मालावर टाकली. एमेरितानं उघडलं तेव्हा निळ्या ताडपत्रीपुढे 'खालची'ची पाटी होती. हलल्या त्या पाट्या."

गिरणीचा आवाज फाटकातूनच ऐकू आला. इल्सा जीप थांबायच्या आत उतरली.

"बंद कर! किएल, बंद कर ते!"

किएल म्हातारा, लठ्ठ, डोंगरावरचा सगळ्यात मोठा मळेवाला. त्यानं हात उंचावून मशीन थांबवलं. "काय आग लागलीय?"

इल्सानं मशीनखालच्या टोपलीत हात घातला आणि मूठ त्याच्यासमोर उघडली. लांबट दाणे. टोकांना निमुळते.

किएलनं ते दाणे आपल्या हातात घेतले. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. थोडा माल आधीच दुसऱ्या ढिगात मिसळून गेला होता, तो आता परत मिळणार नव्हता. पण बराचसा अजून टरफलातच पडला होता.

"मी हा माल रीतसर विकत घेतलाय," किएल म्हणाला.

"घेतलायस," इल्सा म्हणाली.

"कायद्यानं माझा आहे. नाही का, बाई?"

"कायद्यावर भांडलात तर हंगाम उलटेल," बाई म्हणाल्या. "तोवर उंदीर खातील."

"हीच ती झाडं ना," किएल दाणे बोटांनी उलटेपालटे करत म्हणाला, "जी आब्दिएलनं आणली तेव्हा मी भर बाजारात म्हटलं होतं, हा माणूस कॉफी नाही, कपडे वाळत घालायच्या काठ्या लावतोय?"

"तेव्हा तू एकटाच नव्हतास. सगळा बाजार हसला होता. आब्दिएल घरी येऊन जेवला नव्हता."

किएलनं मूठ परत टोपलीत सोडली. "तुझ्या कोठीत माझा माल पडलाय. तो मला आणून दे, हा घेऊन जा. आणि स्पर्धेत मला हरवलंस तर बाजारात जोरात हसू नकोस, माझी बायको बरोबर असते."

इल्सा तिथेच पोत्यावर बसली आणि तोंडावर पदरासारखा ॲप्रन धरून रडली. नंतर डोळे पुसून उठली.

"आता सांगा," ती बाईंना म्हणाली. "पाट्या कुणी हलवल्या?"

"घरी चला," बाई म्हणाल्या. "आणि एमेरितालाही बोलवा. तिला ऐकायचा हक्क आहे."

५

ऊन उतरायच्या आत आम्ही सगळे खळ्यावर होतो. प्लिनियो, रिगोबेर्तो, एमेरिता, इल्सा. इत्सेल स्वयंपाकघराच्या दारात, हातात सुरी.

"प्लिनियोनं केलं असतं," बाई म्हणाल्या, "तर निळी ताडपत्री कशावर टाकली हे त्यानं मला सांगितलंच नसतं. एमेरितानं केलं असतं तर ती कशावर सापडली हे तिनं सांगितलं नसतं. त्या दोघांच्या बोलण्यातूनच तर गुंता सुटला. किएल त्या दिवशी इथे नव्हताच, आणि ठाऊक असतं तर त्यानं तो माल बाकीच्यात मिसळला नसता. राहिला रिगोबेर्तो."

"मी?" रिगोबेर्तो उसळला.

"तुला इल्सानं हरायला हवं होतं, हे खरं. पण तू गाडीतून उतरला नाहीस आणि प्लिनियोबरोबरच निघून गेलास. तुझ्या बुटांनी तुला वाचवलं."

रिगोबेर्तोनं नकळत बुटांकडे पाहिलं.

"ज्यानं केलं त्याला कॉफी नको होती. ती साध्या मालात मिसळून गेली तरी त्याला चालणार होतं. त्याला एवढंच हवं होतं की स्पर्धेत इल्साची कॉफी सपक निघावी, लोकांनी म्हणावं जानेवारीत काहीतरी चूक झाली, आणि या बाईनं डोंगर सोडावा. बायका आपल्या खोल्यांत, दोघे पुरुष गाडीत, मालकीण चर्चमध्ये. मळ्यावर दुसरं एकच माणूस उरलं. ते म्हणतं, मी कपडे काढत होते." बाई वळल्या. "दोन्या इल्सा, पुण्यतिथीच्या मिस्साला तुम्ही कुणाचा झगा घातलात?"

इल्सानं कपड्यांच्या दोरीकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं होतं.

"कपडे भिजले," ती हळूच म्हणाली. "सगळेच्या सगळे. मी इत्सेलला ओरडलेसुद्धा."

"मी केलं," इत्सेल दारातून म्हणाली. "बाई, पुढचं बोलू नका, मी बोलते. आई, त्या झाडांनी बाबांना नेलं. तुलाही छातीचं दुखणं आहे आणि तू रोज तिथेच चढतेस. ही स्पर्धा जिंकलीस तर तू मरेपर्यंत खाली उतरणार नाहीस. मी कुठल्या तरी पाळीत दुसऱ्यांना सलाइन लावत असेन आणि मला फोन येईल. मला तो फोन परत नको होता. मला वाटलं, पाट्याच तर आहेत. कुणाचं काही जाणार नाही."

"माझं गेलं," एमेरिता म्हणाली.

इत्सेल पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलली. "हो. तुला उतरवलं त्याच दिवशी मी बोलायला हवं होतं. जेवण घेऊन आले, सांगायलाच आले होते. दोन्ही वेळा तोंड उघडलं नाही."

रिगोबेर्तोनं घसा खाकरला. "पोरगी चुकली, पण मुद्दा बरोबर आहे. वहिनी, आता तरी विकायचं मनावर..."

"रिगोबेर्तो, तुझी गाडी वाटेत उभी आहे," इल्सा म्हणाली. "ती काढ."

मग ती मुलीपाशी गेली. मला वाटलं मारणार. तिनं इत्सेलच्या हातातली सुरी काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"तुझे बाबा झाडांमुळे नाही गेले. वाटेमुळे गेले. त्या उतारावर पायऱ्या नाहीत, धरायला दोर नाही. मी इतकी वर्षं म्हणतेय करू, करू. प्लिनियो, उद्या दगड आण. मी चढणार, इत्सेल. पण पायऱ्यांवरून चढेन, आणि तू म्हणशील ते औषध घेऊन चढेन. खाली मात्र येणार नाही. हे तुला पटो न पटो."

"नाही पटत," इत्सेल म्हणाली.

"नको पटू दे. पायऱ्यांना मदत कर."

बाईंनी मला खूण केली. माझ्या हातातला कागद कोराच होता, तो मी खिशात टाकला. तक्रार मालकिणीची होती आणि मालकीण ती करणार नव्हती. एमेरिताचं काय, ते मात्र राहिलंच होतं. तिनं बोचकं उचललं, "ऐकलं. आता जाते," एवढंच म्हणाली आणि रस्त्याला लागली.

६

शनिवारी इल्साचा माल स्पर्धेत गेला. पहिला आला नाही, पण चाखणाऱ्यांतल्या एकानं कप खाली ठेवून पुन्हा उचलला आणि परीक्षण संपल्यावरही तोच पीत बसला. त्यानंतर मळ्याच्या फाटकावर व्यापाऱ्यांच्या गाड्या दिसू लागल्या. शेजाऱ्यांनी कुंपणाला तारा वाढवल्या, कुत्री पाळली. काटकुळ्या झाडाचं एक रोप सोन्यासारखं जपायचे दिवस आले होते.

मे महिन्यात इल्सानं मला विचारलं, "विर्हिलियो, कोमार्कात गाडी नेशील? रस्ता वाईट आहे."

इत्सेलही आली. रस्ता संपला तिथून चालत गेलो. एमेरिताचं घर उंच टेकाडावर, खाली ढग पसरलेले. तिनं आम्हाला बसायला सांगितलं, कोकोचं पेय दिलं, आणि तिच्या बायका दाराशी जमेपर्यंत काही बोलली नाही. तिला साक्षीदार हवे होते.

इत्सेल सगळ्यांसमोर उभी राहिली. "चोरी झाली नव्हती. खोडी मी केली, आणि मी गप्प बसले म्हणून एमेरिताला बसमधून उतरवलं. ती निर्दोष होती. माझी चूक आहे."

एका म्हाताऱ्या बाईनं ते त्यांच्या भाषेत दुसऱ्यांना सांगितलं. बराच वेळ गलका झाला. मग एमेरितानं हात वर केला.

"ठीक," ती म्हणाली. "पुढच्या हंगामाला येऊ. पण एक गोष्ट हवी."

"बोल," इल्सा म्हणाली.

"ही माझी जमीन बघ. उंच आहे. वारा आहे. दुसरं काही नीट येत नाही. मला त्या झाडांची रोपं हवीत."

मी इल्साकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही. तिच्या मळ्याबाहेर त्या झाडाचं एक पानही अजून गेलं नव्हतं. किएलनं स्वतः येऊन विचारलं होतं, त्यालाही तिनं चहा पाजून परत पाठवलं होतं.

इल्सा उठून दारापर्यंत गेली. उतार बघितला. वाकून माती उचलली, बोटांत चुरली, वास घेतला.

"उत्तरेकडून वारा लागतो?"

"दिवसभर."

"मग आडोशाला शेवरीसारखं काहीतरी लाव आधी. नाहीतर फांद्या मोडतील. आब्दिएलच्या पहिल्या वर्षी सगळ्या मोडल्या होत्या." ती वळली. "पाऊस लागला की रोपं पाठवते. हवी तेवढी."

"पाठवू नकोस," एमेरिता म्हणाली. तिनं इत्सेलकडे बोट दाखवलं. "ही घेऊन येईल. आणि हीच लावेल."

"मला लावता येत नाहीत," इत्सेल म्हणाली. "मी त्या झाडांना कधी हातसुद्धा लावला नाही."

"येईल. खड्डे मी दाखवीन." एमेरितानं तिचे पांढरे बूट वरून खालपर्यंत न्याहाळले. "रबरी बूट घालून ये. आणि आठवड्याची रजा काढ, एका दिवसात नाही व्हायचं ते."